बायबलातील वादग्रस्त ग्रंथ



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला की तो बोनस, महागाई किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. व्यवस्थापकांना आम्ही आजचा विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचे काही चुकले नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. हिब्रू आणि ग्रीक आम्हाला येत नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते छापखान्यात खिळे जुळवताना आणि या गावच्या नगर वाचनालयात झाले. तेव्हा अधिकाराने बोलावे असे आमच्यापाशी काही नाही. पण या विषयाने एकदा आम्हाला चांगलेच तोंडघशी पाडले होते, आणि पडलेल्या माणसाला खड्ड्याची माहिती इतरांपेक्षा थोडी अधिक असते.

गोष्ट अशी. एका कारखान्यात तीन महिने पगार थकला होता आणि दरवाजावर आमची सभा होती. आदल्या आठवड्यात आमच्या वसईकडच्या एका कॅथलिक सहकाऱ्याने आम्हाला आपले इंग्रजी बायबल उघडून दाखवले होते. त्यातील सिराख नावाच्या ग्रंथात, मजुराची मजुरी बुडवणारा त्याचे रक्त सांडतो, अशा आशयाचे वचन आहे. आम्हाला असा दारूगोळा हवाच होता. सभेत आम्ही आवाज चढवून सांगितले, "हे आम्ही नाही म्हणत, बायबल म्हणते!" टाळ्या पडल्या. सभा पांगल्यावर एक निवृत्त शिक्षक जवळ आले. प्रॉटेस्टंट मंडळीतले, आमच्या लढ्याला मनापासून पाठिंबा देणारे. हळूच म्हणाले, "भाषण छान झालं हो, पण ते वचन आमच्या बायबलात नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपले मराठी पवित्र शास्त्र समोर ठेवले. आम्ही अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले. सिराख नाही. तोबीत नाही. मक्काबींचे दोन ग्रंथ नाहीत. मास्तरांच्या बायबलात ग्रंथ ६६, आमच्या सहकाऱ्याच्या बायबलात ७३. आम्ही करारमदारांतली माणसे. एक कलम गळालेले दिसले तर वाटाघाटी सोडून उठतो. आणि इथे 'जुना करार' असे ज्याचे नाव, त्याच्याच दोन प्रती जुळत नव्हत्या!

या भानगडीचे मूळ ईजिप्तमध्ये आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकांत तिथल्या अलेक्झांड्रिया शहरात ज्यूंची मोठी वस्ती होती. त्यांची बोली ग्रीक झाली होती, म्हणून हिब्रू धर्मग्रंथांची ग्रीक भाषांतरे झाली. त्या ग्रीक ग्रंथांबरोबर आणखी काही पुस्तके वाचली जाऊ लागली. तोबीत आणि यहूदीथ यांच्या कथा, शलमोनाच्या नावावरचा ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख, मक्काबींचा इतिहास, शिवाय दानिएल व एस्तेर या ग्रंथांतले काही जादा भाग. सुरुवातीचे बहुतेक ख्रिस्ती लोक ग्रीक वाचणारे. त्यांनी हा सारा संग्रह उचलला. ज्यू धर्मपंडितांनी मात्र आपल्या शास्त्रात ही पुस्तके घेतली नाहीत.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम नावाचा विद्वान बेथलेहेमात बसून लॅटिन भाषांतर करीत होता. हा गृहस्थ आम्हाला फार जवळचा वाटतो. मुद्रिते तपासणारा जसा मूळ प्रत मागतो, तशी त्याने हिब्रू प्रत मागितली. जे हिब्रूत सापडत नव्हते त्याला त्याने 'अपॉक्रिफा', म्हणजे झाकून ठेवलेले, हे नाव लावले. ते चांगल्या वर्तनासाठी वाचावे, पण त्यावरून धर्मसिद्धांत ठरवू नये, असे त्याचे म्हणणे. त्याचा समकालीन ऑगस्टीन याला हे पटले नाही. ज्या ग्रंथांचे वाचन मंडळ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते प्रमाण, असा त्याचा कौल. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील धर्मसभा ऑगस्टीनच्या बाजूने गेल्या.

पुढे हजारांहून अधिक वर्षे दोन्ही मते एकाच घरात नांदली. फारकत झाली ती सोळाव्या शतकात. मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात हे ग्रंथ छापले, पण दोन करारांच्या मधे वेगळे काढून. वर टीप घातली की हे शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत, तरी वाचायला उपयुक्त आहेत. उलट ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी हे ग्रंथ पूर्ण प्रमाण असल्याचे ठरवले आणि न मानणाऱ्याला बहिष्कृत म्हटले. इंग्लंडच्या चर्चने जेरोमचा मधला मार्ग धरला. स्कॉटलंडच्या कडव्या पंथाने मात्र ही इतर कोणत्याही मानवी लिखाणासारखी पुस्तके आहेत, असा निर्णय घेतला. पूर्वेकडच्या चर्चांच्या याद्या आणखी लांब आहेत. इथिओपियात तर हनोखाचे पुस्तकही शास्त्रात आहे.

आता आमच्या धंद्यातली गंमत. इंग्लंडमध्ये १६११ चे प्रसिद्ध राजमान्य बायबल या ग्रंथांसह निघाले. काही मुद्रक ते वगळून विकू लागले, तेव्हा १६१५ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने तसे करणाऱ्यास एक वर्ष कैदेची शिक्षा ठेवली. पुढे १८०४ मध्ये लंडनला बायबल सोसायटी निघाली. युरोपातले कॅथलिक लोक हे ग्रंथ नसलेले बायबल घरात घेईनात, म्हणून त्यांच्यासाठी ती सोसायटी हे ग्रंथ घालून प्रती पुरवी. यावर स्कॉटलंडमधील वर्गणीदार खवळले. अखेर १८२६ मध्ये सोसायटीने ठराव केला की या ग्रंथांवर आपला पैसा खर्च होणार नाही. म्हणजे एका काळी वगळले म्हणून तुरुंग, आणि दोनशे वर्षांनी घातले म्हणून वर्गणी बंद! जुळारी बिचारा दोन्ही वेळा सांगितले तेच जुळवीत होता.

हे लांबचे भांडण आहे असे कोणी समजू नये. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली काम सुरू केले ते आपल्या बाणकोटला, आणि पुढे हर्णैला. तिकडे एडिंबरोत हा वाद पेटला होता, त्याच वर्षांत त्यांची माणसे आपल्या खाडीकाठी शाळा उघडत होती. मराठी बायबल छापले ते प्रॉटेस्टंट मिशनांनी. श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली नवा करार १८११ मध्ये निघाला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने काम उचलले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली केडगावच्या मुक्तिमिशनात छापून झाले. साहजिकच मराठी वाचकाला 'बायबल' म्हणून ठाऊक झाले ते ६६ ग्रंथांचे. गोव्यात कॅथलिकांचा अंमल होता, पण तिथे फादर स्टीफन्सने १६१६ साली दिले ते भाषांतर नव्हे, तर ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण'. आमच्या मास्तरांनी सिराख नाकारला होता असे नाही. तो त्यांच्यापर्यंत कधी आलाच नव्हता.

आणि हा प्रश्न ख्रिस्ती घरापुरताही नाही. कुलाबा जिल्ह्यातले, आजच्या रायगडातले, बेने इस्राएल आपल्याला ठाऊक आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा. आता हनुक्काचा सण ज्या विजयासाठी पाळतात, त्या ख्रिस्तपूर्व १६४ मधील मंदिरशुद्धीचा इतिहास मक्काबींच्या ग्रंथात आहे. ज्यूंनी ग्रंथ शास्त्रात घेतला नाही, पण सण ठेवला. बेने इस्राएलांना जुन्या काळी हा सणच ठाऊक नव्हता. यावरून हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्यासारख्यांनी, त्यांचे पूर्वज त्या घटनेआधीच मायदेश सोडून आले असावेत, असा तर्क केला. तर्कच तो, पुरावा नव्हे. पण शास्त्राबाहेर राहिलेल्या एका पुस्तकाने आमच्या तेलघाण्यावरच्या माणसाचा इतिहास शोधायला दिवा दाखवावा, याची आम्हाला मौज वाटते.

जेरोमच्या मूळ प्रतीच्या हट्टाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. सिराख मुळात हिब्रूतच लिहिला गेला होता; लेखकाच्या नातवाने तो ग्रीकमध्ये नेला. शतकानुशतके हिब्रू मूळ हरवले होते. १८९६ मध्ये कैरोच्या एका सिनेगॉगमधील जुन्या कागदांच्या खोलीतून आलेले त्याचे पान ओळखले गेले, आणि १९६४ मध्ये मसादाच्या किल्ल्यात आणखी तुकडे मिळाले. तोबीतचे हिब्रू आणि अरामी तुकडे मृत समुद्राकाठच्या गुहांत निघाले. एवढे होऊनही कोणी आपली यादी बदलली नाही. मूळ प्रत हा वादातला मुद्दा होता, वादाचे कारण नव्हते.

आमचे मत विचाराल तर आम्ही ल्यूथरच्या मांडणीचे. छापावे, वेगळे छापावे, आणि वाचकाला सरळ सांगावे. १९६८ साली बायबल सोसायट्या आणि रोम यांच्यात संयुक्त भाषांतरांबद्दल समझोता झाला, त्यातही हे ग्रंथ नव्या कराराआधी स्वतंत्र विभागात घालण्याची वाट ठेवलेली आहे. वाटाघाटीत याहून बरे काही निघत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा क्षेपक ओव्या काढून टाकल्या. ते कामही थोरच. पण काढलेल्या ओव्या कोणत्या होत्या हे आज पाहायला मिळाले असते, तर आमच्यासारख्याला बरे वाटले असते.

मजुरीचा मुद्दाही मास्तरांनी सोडला नव्हता. त्यांनी अनुवाद नावाचा ग्रंथ उघडून दाखवला; सूर्य मावळण्याआधी मजुराला मजुरी द्यावी, अशी आज्ञा त्यात आहे. "सिराखाची गरजच काय तुम्हाला? हे आमच्याही बायबलात आहे, त्यांच्याही," ते म्हणाले. आम्ही निरुत्तर झालो. पुढच्या सभेत तेच वचन वापरले.

तेव्हा आम्हाला वाटले, हा वाद विद्वानांचाच. तसे नव्हते. दोन पावसाळ्यांनंतर आमचा एक जुना सभासद वारला. तो प्रॉटेस्टंट, त्याची बायको कॅथलिक घरातली. अंत्यविधीला पाळकसाहेबांनी सुरेख प्रार्थना केली. घरच्यांना धीर मागितला, मुलांसाठी आशीर्वाद मागितला. आठ दिवसांनी आम्ही युनियनचा मदतनिधी घेऊन गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यांसाठी मागितलं. त्यांच्यासाठी काहीच नाही मागितलं." पाळकसाहेबांनी आपल्या शास्त्राप्रमाणेच केले होते. मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथलिक लोक आधार देतात तो मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा. त्यात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी माणसांकडून वर्गणी गोळा करतो आणि यरुशलेमला पाठवतो. तो ग्रंथ एका यादीत आहे, दुसरीत नाही. आणि त्या फटीत ही बाई उभी होती.

आम्ही मास्तरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग आमच्या वसईकर सहकाऱ्याचे बायबल मागवून घेतले. मक्काबी त्यांनी वाचला नाही, तो त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हता. सिराखाचा चव्वेचाळिसावा अध्याय काढला. थोर पूर्वजांचे स्तवन त्यात आहे, आणि ज्यांची आठवण मागे कोणी ठेवली नाही अशांचीही दखल आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या मोठ्या लष्करी दफनभूमींतील शिळेवर कोरायला रडयर्ड किपलिंगने शब्द निवडले ते याच अध्यायातले.

संध्याकाळी आम्ही तिघे वहिनींच्या घरी गेलो. मास्तरांनी चष्मा पुसला आणि आधी सांगितले, "हे आमच्या शास्त्रातलं नाही बरं का. पण वाचायला हरकत नाही." आणि इंग्रजी वाचीत, ओळीओळीला मराठी सांगत, त्यांनी तो अध्याय संपवला.