पुस्तकावर नाव कोणाचे?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



जेवणाआधीची वीस मिनिटे आम्हाला दिली आहेत ती गाडीच्या कागदांसाठी. विषय ऐकताच मागच्या रांगेतली काही मंडळी तंबाखू मळायला उठली, ते आम्ही पाहिले. त्यांना एवढेच सांगतो, की आपल्या दारात जो ट्रॅक्टर उभा आहे, जी पिकअप किंवा मोटारसायकल आहे, त्यातली किती वाहने आज आपल्या नावावर आहेत हे मनाशी मोजा आणि मग खुशाल उठा.

तालुक्याच्या कार्यालयात लोक आमच्याकडे कागदांची पुडकी घेऊन येतात. पूर्वी त्यात वीजबिलाच्या आणि सोसायटीच्या नोटिसा असायच्या. आता विमा कंपनीची पत्रेही असतात. पत्र चार ओळींचे. अर्थ एकच: अपघाताच्या दिवशी आर.सी. पुस्तकावरचा मालक एक, पॉलिसीवरचा दुसरा आणि गाडी वापरणारा तिसरा, सबब दावा नामंजूर. हप्ता घेताना या तिघांची गाठ कोणी घालून पाहिली नव्हती. हप्ता भरणारा कोण, मालक जिवंत आहे का, एवढेसुद्धा कोणी विचारले नाही. मागच्या वर्षीच्या कागदावरून एजंटाने यंदाचा कागद उतरवला, पैसे घेतले, पावती दिली. चौकशी सुरू झाली ती गाडी ओढ्यात गेल्यावर.

कंपनीला शिव्या घालून आम्ही मोकळे झालो तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण आधी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. पत्रात लिहिलेले सगळे खरे नसते, तसे सगळे खोटेही नसते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम २(३०) मध्ये मालक कोण ते लिहिले आहे: ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. गाडी कर्जावर असेल तर कराराप्रमाणे ज्याच्या ताब्यात आहे तो. किल्ली कोणाच्या खिशात, डिझेल कोण भरतो, स्टॅम्पपेपरवर काय लिहिले, याचा या व्याख्येत उल्लेख नाही. हे आपल्याला परके वाटायला नको. बांधावर तीस वर्षे राबणाऱ्या धाकट्या भावाचे सातबाऱ्यावर नाव नसेल तर त्याला पीककर्ज मिळत नाही, हे आपण भोगलेच आहे. फेरफाराला जे महत्त्व जमिनीत, तेच गाडीत आर.सी.च्या हस्तांतराला. फरक इतकाच, की जमीन कोणाच्या अंगावर जात नाही. गाडी जाते.

आपल्याकडे गाडी विकण्याची रीत कशी? बाजारच्या दिवशी सौदा ठरतो. बयाणा दिला, चहा झाला, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतल्या, नोटरी केली, किल्ली दिली. घेणारा म्हणतो, 'हंगाम संपला की नावावर करून घेतो.' हंगाम संपतो, पुढचा येतो, गाडी तिसऱ्याकडे जाते. कोऱ्या सह्यांचे कागद चौथ्याच्या सीटखाली भिजून जातात. विकणारा म्हणतो, पैसे मिळाले, माझा संबंध संपला.

संबंध संपत नाही. एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००७ साली विकलेली गाडी हातोहात पुढे गेली आणि २००९ साली तिने एका मुलाचा बळी घेतला. तोवर नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर. न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले, की भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. ज्याचे माणूस गेले त्याने खरेदीदारांच्या साखळीमागे धावत बसावे, हे कायद्याला अपेक्षित नाही. मेलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले तर हा निकाल आम्हाला रास्तच वाटतो.

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. पण तुमच्या नावावरच्या जुन्या ट्रॅक्टरचा विमा नव्या माणसाने भरलाच नसेल तर? मग हुकूमनामा तुमच्यावर. याच कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून तलाठ्याच्या दप्तरात येतो. ट्रॅक्टर तीन वर्षांपूर्वी विकला, पैसे कधीच कर्जात जिरले आणि आता त्या ट्रॅक्टरपायी शेतावर बोजा! हे टाळायला लागतात दोन कागद, फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. परराज्यात विकली तर विकणाऱ्याला ४५ दिवस आहेत आणि ना-हरकत दाखला लागतो. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर आधी त्यांचे पत्र आणि फॉर्म ३५. घेणारा टाळाटाळ करतो म्हणून आपण थांबायचे नाही. विकणाऱ्याने कळवण्याचे कर्तव्य वेगळे आहे, ते आपले आपण पार पाडायचे आणि पोच जपून ठेवायची.

आता घेणाऱ्याचे पाहू. पुष्कळजण आर.सी. नावावर करून घेतात आणि विमा तसाच ठेवतात. म्हणतात, 'अजून आठ महिने आहेत, कशाला घाई?' कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, हे खरे आहे. पण ते तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरते. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर कंपनी पळू शकत नाही. आपली गाडी मोडली किंवा चोरीला गेली, त्या भरपाईला हे कलम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणून खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचे. सोबत एक बारीक गोष्ट. दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, ज्याला 'नो क्लेम बोनस' म्हणतात, ती माणसाची असते, गाडीची नसते. जुन्या मालकाची सूट नव्याने खाल्ली, हे निमित्त करूनही दावे अडवले जातात. फरकाची रक्कम भरून टाका.

आणि दोन्ही कागद जुन्याच मालकाच्या नावावर असतील तर? इथे कंपनीचे पत्र बहुधा असे असते: 'विमाधारकाने वाहन पूर्वीच विकले आहे, त्याचा आता वाहनात हितसंबंध नाही.' हे पत्र वाचून लोक गप्प बसतात. बसू नका. १९९३ साली विकलेल्या आणि १९९४ साली अपघात झालेल्या एका ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला. नोंदणी जुन्याच्या नावावर, विमाही त्याच्याच नावावर उतरवलेला. म्हणून कायद्याने मालक तोच आणि त्याच्या विमा कंपनीने तिऱ्हाइताची भरपाई द्यायची. जून २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. विक्रीचा करार होऊनही आर.सी. आणि पॉलिसी विकणाऱ्याच्याच नावावर राहिलेल्या ट्रकच्या स्वतःच्या नुकसानीचा दावाही कंपनीला मान्य करायला लावला. अपघाताची जबाबदारी टाकताना नोंदणीकृत मालक हाच मालक आणि पैसे देताना मात्र तो मालक नाही, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही.

पण हा दावा विकणाऱ्याच्या सहीने होतो आणि पैसे त्याच्या नावावर येतात. तो सज्जन असला तर ठीक. दावा भरताना 'गाडी माझ्याच ताब्यात होती, ड्रायव्हर माझा नोकर' असली थाप कोणी सुचवली तर ऐकू नका. घडले तसे लिहा. खोट्या वाक्यापायी खरा दावा बुडतो.

या विषयातले सर्वांत दुखरे प्रकरण घरातल्या घरातले आहे. वडील वारतात. तेराव्यानंतर सातबाऱ्याला वारस लावायची धावपळ होते. गाडीचे कोणाच्या लक्षातही येत नाही. वडिलांच्या नावावरची मोटारसायकल मुलगा चालवतो, विमाही दरवर्षी वडिलांच्या नावाने भरतो. नियम असा, की मृत्यूनंतर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. मृत व्यक्तीच्या नावची पॉलिसीही तीन महिने किंवा तिची मुदत, यातले जे आधी संपेल तेवढ्यापुरतीच चालते. पुढे मेलेल्या माणसाशी केलेला करार राहतो.

याचा फटका कुठे बसतो? पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळायला तीन अटी: चालवणाराच नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसीवर त्याचेच नाव हवे, त्याच्याकडे चालू लायसन्स हवे. वडिलांच्या नावावरच्या गाडीवरून मुलगा गेला, तर सुनेच्या हाती त्या १५ लाखांतला एक रुपया येत नाही. भर तरुण वयात कपाळ पांढरे झालेली बाई पुडके घेऊन समोर बसते आणि विचारते, 'भाऊ, हप्ता तर यांनीच भरला होता ना?' आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नसते. मायबहिणींनो, पुरुषमाणसे हे काम उद्यावर टाकतील. तुम्ही आर.सी. आणि पॉलिसी पेटीतून काढून शेजारी शेजारी ठेवा आणि नावे जुळवा. २०२१ पासून आर.सी.वर नॉमिनीही नोंदवता येतो. तिथे तुमचे नाव लावून घ्या.

दावा नाकारला तर काय करायचे? तोंडी नकार घेऊन कार्यालयातून उठायचे नाही. कारणासह लेखी पत्र मागायचे. 'पूर्ण व अंतिम' म्हणून छापलेल्या कोऱ्या पावतीवर सही करायची नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला स्पीड पोस्टने अर्ज. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकारच आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबईला, ठाण्याला आणि पुण्याला आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. मुदत दोन वर्षे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला हेलपाटे नाहीत. अर्जात लांबण लावू नका. खरेदी कधी, आर.टी.ओ.ला कळवले कधी, कंपनीला कळवले कधी, अपघात कधी, या चार तारखा वर लिहा आणि प्रत्येकीचा कागद जोडा. असल्या प्रकरणाचा निकाल बहुतेक या चार तारखांवरच लागतो.

फॉर्म २९, ३० आणि ३१ चे नमुने दारापाशी टेबलावर ठेवले आहेत. झेरॉक्सचा खर्च तेवढा द्या. ज्यांचे दावे नाकारले गेले आहेत त्यांनी बाजारच्या दिवशी तालुका कार्यालयात यावे. येताना आर.सी., अपघाताच्या दिवशी चालू असलेली पॉलिसी आणि कंपनीचे पत्र आणावे. पाकीटसुद्धा टाकू नका, त्यावर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख असते.