नोएडाहून तिसरं स्टेशन



ज्यांचा जन्मदिवस तारखेनिशी सांगता येतो अशी शहरं आपल्याकडे थोडी. नोएडा त्यांतलं एक. १७ एप्रिल १९७६ला, आणीबाणीच्या काळात, उत्तर प्रदेश सरकारने एक प्राधिकरण स्थापलं आणि यमुनेच्या पूर्व काठावरच्या शेतांत, गावांत कागदावर आखलेली औद्योगिक नगरी उभी राहू लागली. वस्त्यांना नावांऐवजी सेक्टरचे आकडे, दुकानांना नेमून दिलेल्या जागा. मी इथेच राहतो, आणि सोयीबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्री अकरानंतर औषधाच्या दुकानाशिवाय काही उघडं सापडलं तर नशीब म्हणायचं. रमजानमध्ये मशिदींच्या आसपास खजुराच्या, फेण्यांच्या, फळांच्या गाड्या लागतात, संध्याकाळी गर्दी होते आणि ती विरतेही लवकर. रमजानचा खरा रात्रीचा बाजार पाहायचा तर नोएडाकराला नदी ओलांडावी लागते.

ओलांडणं अगदी सोपं आहे. बोटॅनिकल गार्डन स्थानकावर मजेंटा मार्गिकेची मेट्रो पकडायची. पहिलं स्टेशन ओखला पक्षी अभयारण्य, मग यमुना, पलीकडे कालिंदी कुंज, आणि तिसरं जसोला विहार शाहीन बाग. ही मार्गिका २५ डिसेंबर २०१७ला सुरू झाली. त्याआधी कालिंदी कुंजच्या रस्त्यावर गाडीत बसून हॉर्न ऐकत राहणं एवढाच मार्ग होता. जाता जाता एक सांगतो. बोटॅनिकल गार्डनजवळच नोएडाचं गोल्फ कोर्स आहे आणि त्याच्या हिरवळीवर इंग्रजांनी उभारलेला एक स्तंभ. ११ सप्टेंबर १८०३ला इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा इथे पराभव केला, आणि मग तोही नदी ओलांडून दिल्लीत शिरला. मराठी माणसाने या प्रवासात तेवढी एक आठवण ठेवावी. पुढे भूक लागलेली असते, इतिहास सुचत नाही.

शाहीन बाग हे नाव देशाला माहीत झालं ते नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० चाललेल्या महिलांच्या ठिय्यामुळे. नोएडाकरांना ते आणखी एका कारणाने पाठ झालं. नोएडाला दिल्लीशी जोडणारा कालिंदी कुंजचा तो रस्ता ठिय्यामुळे तीन महिन्यांहून जास्त बंद होता आणि ऑफिसला जाणारे लोक डीएनडी पुलावरून वळसा घालत चरफडत होते. त्यांतलेच कितीतरी जण आता रमजानमध्ये त्याच वस्तीत निहारीच्या रांगेत उभे दिसतात. मला यात काही विनोदी वाटत नाही. शेजाऱ्याची ओळख अशीच होते, कधी भांडणातून, कधी जेवणातून.

या भागाचा मूळ पुरुष म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया. हे विद्यापीठ १९२०ला अलिगढमध्ये निघालं, १९२५ला दिल्लीत करोलबागेत आलं, आणि १ मार्च १९३५ला ओखल्याच्या मोकळ्या माळावर त्याच्या इमारतीचा पाया घातला गेला. मोठमोठे पाहुणे हजर असताना कोनशिला बसवली ती शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन तेव्हा जामियाचे कुलगुरू होते. आजचं झाकीर नगर त्यांच्याच नावाचं. विद्यापीठाभोवती आधी शिक्षक राहिले, मग विद्यार्थी, मग मुरादाबाद, मेरठ, आझमगढ, बिहार इथून आलेली कुटुंबं. बटला हाऊस, अबुल फजल एन्क्लेव्ह, शाहीन बाग अशा वस्त्या नदीच्या बांधाला चिकटत वाढत गेल्या. इतक्या चिकटून, की बांधाला पाण्याचा मार लागू नये म्हणून काढलेले धक्के, ज्यांना इथे ‘ठोकर’ म्हणतात, त्यांचे क्रमांक आज लोकांच्या पत्त्यात आहेत. रिक्षावाल्याला ‘ठोकर नंबर सात’ म्हटलं की पुरतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रमजानचा बाजार खवय्यांसाठी भरतो, अशी आपली समजूत असते, कारण आपण तिथे खायला जातो. तो भरतो महिनाभर एका वस्तीचं घड्याळ फिरतं म्हणून. पहाटे उजाडण्याआधी सहरी, दिवसभर पाण्याचा थेंबही नाही, सूर्यास्ताला इफ्तार. मार्चचा रमजान असेल तर दिल्लीत इफ्तार साधारण साडेसहाला येतो. त्याआधीचा अर्धा तास रस्त्यावर फार घाईचा. भजी तळणारे, फळं चिरणारे, बर्फ फोडणारे सगळे एकाच वेळी ओरडत असतात. आणि मग अजान होते. पुढची पंधरा-वीस मिनिटं या बाजारात गिऱ्हाईक नसतं, दुकानदारही नसतो. गाडीवाला गाडीमागेच वर्तमानपत्र पसरून बसतो, शेजारचा रिक्षावाला, हमाल, वाटेने जाणारा अनोळखी, सगळे त्याच कागदावर. तुम्ही उभे दिसलात तर हातात खजूर येतो. तो घ्यावा. आणि त्या वेळी कॅमेरा खिशात ठेवावा, उपाशी माणसाच्या पहिल्या घासाचा फोटो काढू नये.

नंतर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, चहा, थोडं टेकणं. पुढे इशाची, म्हणजे रात्रीची नमाज आणि तिला जोडून तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रींची ती लांब नमाज, जिच्यात इमाम कुराण क्रमाने मुखोद्गत म्हणत जातो. यात दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे साडेनऊ-दहाच्या आधी शाहीन बागेत पोचलेला माणूस निराश होऊन परततो आणि ‘काही खास नाही’ असं घरी सांगतो. बाजार जागा होतो तो तरावीह सुटल्यावर. मशिदींतून टोपी घातलेली मंडळी लोंढ्याने बाहेर पडतात आणि चाळीस फुटा रोड या नावाच्या रस्त्यावर चार फूटही मोकळे उरत नाहीत.

व्यापाऱ्यांनी यातही आपली सोय शोधली आहे. बऱ्याच मशिदींत, सभागृहांत, अगदी कारखान्यांच्या गच्चीवरही तीन दिवसांची, पाच दिवसांची, दहा दिवसांची तरावीह होते. रोज जास्त पारे, म्हणजे कुराणाचे भाग, म्हणायचे आणि कुराण लवकर पूर्ण करायचं. ते ऐकून झालं की उरलेल्या रात्री छोटी नमाज पढून माणूस नऊला दुकानात हजर. महिन्याच्या शेवटच्या दहा रात्री धर्माच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या आणि धंद्याच्या दृष्टीनेही. मौलवी मंडळी दरवर्षी यावर कानउघाडणी करतात, दुकानदार मान डोलावतात, आणि कापडाचा तागा उलगडतात.

खाण्याचं सांगितलं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीजवळ, आपल्यापैकी अनेकांनी रमजानची रात्र पाहिलेली असते. तिथली ओळख अंड्याचा मालपोवा, मातीच्या वाटीतली फिरनी, खिचडा, बाराहंडी. इकडचा थाट वेगळा. इथे राज्य निहारीचं. मोठ्या देगमध्ये रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, वर आल्याचे काप, हिरवी मिरची, लिंबू, आणि सोबत खमिरी रोटी. ‘बडे का’ असं इथे ऐकाल, त्याचा अर्थ म्हशीवर्गातल्या जनावराचं मांस. दिल्लीत गोवंशाच्या कत्तलीला १९९४च्या कायद्याने बंदी आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं, कोणी रागावत नाही. चिकनही सगळीकडे असतंच. मुरादाबादी बिर्याणी, हैदराबादी धर्तीचा हलीम, कोळशावरचे सीख कबाब, आणि काश्मिरी विद्यार्थ्यांच्या सोबतीने आलेला गुलाबी चहा. हा चहा सुंदर दिसतो. चव मला तरी दिसण्याइतकी लागली नाही. गोडात शाही टुकडा घ्या. केशरी रंगाचा, रबडीखाली दडलेला पावाचा तुकडा गरम तव्यावरून थेट द्रोणात येतो आणि पुढे काही खाण्याची इच्छा संपवतो.

खजला आणि फेणी मात्र तिथे उभ्याने खायची नाही, घरी न्यायची. मैद्याचे ते फुगीर, पदर सुटणारे पापुद्रे पाटीत डोंगरासारखे रचलेले असतात. सहरीला गरम दुधात कुस्करून खातात. पोटात टिकतात, पहाटे चुलीशी उभं राहावं लागत नाही. घरातल्या बाईची अर्धा तास झोप वाचवणारा पदार्थ म्हणून मी त्याच्याकडे आदराने पाहतो. आपल्याकडे शेजारून येणारा शिरखुर्मा ज्यांना आठवतो त्यांनी शेवयांच्या दुकानापाशी थांबावं. सुतासारख्या बारीक शेवयांच्या लडी, भाजलेल्या, न भाजलेल्या, किलोवर मिळतात.

हाच बाजार त्याच्या जुन्या घरी पाहायचा असेल तर जामा मशिदीला जावं. शाहजहानने १६५० ते १६५६ या काळात बांधलेली ती मशीद, समोर मटिया महलची गल्ली. नोएडाहून ब्लू लाइनने मंडी हाऊसला उतरून गाडी बदलायची की गप्पा संपण्याआधी जामा मशीद स्टेशन येतं. हा मेट्रोचा टप्पा २८ मे २०१७ला खुला झाला, आणि त्या वर्षीचा दिल्लीतला पहिला रोजाही त्याच दिवशी होता. योगायोग असेल, पण बाजाराने त्याचं सोनं केलं. एरवी जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांना बिचकणारी नोएडा-गुडगावची तरुण मंडळी तेव्हापासून झुंडीने तिथे उतरतात. हाजी करीमुद्दीन यांनी १९१३ला सुरू केलेलं करीम हॉटेल इथेच, गली कबाबियानमध्ये. नाव मोठं आहे, रांगही मोठी आहे. मी रांग सोडून समोरच्या गाड्यांवर खातो. जवळच लाल कुआँमध्ये हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ला हमदर्द दवाखाना काढला आणि तिथूनच रूह अफजा निघालं. उन्हाळ्यात अंगाची उष्णता उतरवायचं ते औषधी सरबत आज इफ्तारच्या जवळजवळ प्रत्येक फडक्यावर आहे. २०१९च्या रमजानमध्ये त्याचा पुरवठा तुटला तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. दूध, रूह अफजा आणि कलिंगडाचे तुकडे घालून केलेल्या गुलाबी पेयाला इथे ‘मोहब्बत का शरबत’ म्हणतात. नाव सोडलं तर चांगलं आहे.

अत्तर घ्यायचं तर मटिया महलातून थोडं चालून दरीबा कलाँला जा, पण दिवसा. गुलाब सिंग जोहरीमल हे दुकान १८१६पासून तिथे आहे. दुकान हिंदू कुटुंबाचं आणि ईदचं गिऱ्हाईक पिढीजात. रात्रीच्या बाजारात मिळतात त्या टोप्या, जानमाज म्हणजे नमाजाच्या चटया, सुरमा, काचेच्या बांगड्या, लखनवी चिकनचे कुर्ते. शिंप्यांच्या दारावर निम्मा रमजान सरायच्या आतच पाटी लागते की नवं काम घेतलं जाणार नाही. ही पाटी दिसली की ओळखावं, या वर्षी हंगाम बरा आहे.

एवढ्या खरेदीला पैसा येतो कुठून, हा प्रश्न मला पडायचा. शाहीन बाग काही श्रीमंत वस्ती नाही. एक उत्तर जकातीत आहे. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेवर संपत्ती वर्षभर राहिली त्याने तिचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा असतो, आणि बहुतेक लोक तो रमजानमध्ये काढतात. शिवाय फितरा, घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मापाच्या गव्हाची किंमत, अगदी तान्ह्या बाळाचीही. आणि हा फितरा ईदच्या नमाजेआधी पोचलाच पाहिजे, कारण त्या पैशातून घेणाऱ्याच्या घरीही ईदचा शिधा आला पाहिजे. म्हणजे शेवटच्या आठवड्यात मुलाच्या सदऱ्यासाठी घासाघीस करणाऱ्या बाईच्या हातातली नोट बऱ्याचदा त्याच वस्तीतल्या दुसऱ्या कुणाच्या तिजोरीतून निघालेली असते. बाजाराची रोषणाई आपल्याला दिसते, हा पैशाचा फेरा दिसत नाही. माझ्या मते या रात्रींची खरी गोष्ट ही आहे, निहारी त्यानंतर.

जायचंच तर काही व्यवहाराच्या गोष्टी. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास संपते, तेव्हा परतीची रिक्षा किंवा टॅक्सी गृहीत धरा. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. सुटे पैसे ठेवा. शेवटचे तीन-चार दिवस लहान मुलांना नेऊ नका, गर्दीत श्वास कोंडतो. पहिला पंधरवडा निवांत असतो, दुकानदार गप्पाही मारतात.

आणि कोणत्या ऋतूत जाता यावर जेवण ठरेल. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, आपल्यासारखा अधिक महिना त्यात नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१७-१८ला तो मे-जूनच्या उन्हात होता. पंधरा तासांचा रोजा, आणि बाजारात बर्फ, लस्सी, कलिंगड. आता तो थंडीकडे निघाला आहे, निहारीचे आणि पाया सूपचे दिवस येत आहेत. २०३०मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.