मासिकात छापलेला संगणक

१९८३-८४च्या सुमारास बेलग्रेडमध्ये एखाद्या आजोबांनी संध्याकाळी रेडिओ लावला असता, तर संच बिघडला असंच त्यांना वाटलं असतं. रेडिओ बेलग्रेडवर ‘व्हेंटिलेटर २०२’ नावाचा तरुणांचा कार्यक्रम लागायचा. त्याचे सूत्रधार झोरान मोदली विमानाचे वैमानिकही होते आणि रेडिओवर गाणी लावण्यातही वाकबगार होते. गाणी झाली, गप्पा झाल्या, की ते श्रोत्यांना सांगत, टेपरेकॉर्डर तयार ठेवा. मग रेडिओतून नुसती किरकिर सुरू व्हायची. ना सूर, ना शब्द. आणि घरोघरची पोरं ती किरकिर मन लावून कॅसेटवर टेप करून घ्यायची.

त्या किरकिरीत संगणकाचे प्रोग्रॅम होते. एखादा खेळ, एखादा अभ्यासाचा धडा, कधी वाचायचा मजकूर. त्या काळच्या घरगुती संगणकाला डिस्क परवडत नसे, त्यामुळे माहिती साठवायची ती साध्या ऑडिओ कॅसेटवर. शून्य आणि एक यांचे आवाज करायचे, ते टेप करायचे आणि पुन्हा वाजवून संगणकाला ऐकवायचे. एकदा माहितीचा आवाज झाला, की गाणं जसं रेडिओवरून पाठवता येतं तशी तीही पाठवता येते. बेलग्रेडच्या कार्यक्रमातून तीनेक वर्षांत असे सुमारे दीडशे प्रोग्रॅम प्रसारित झाले. ही युक्ती एकट्या बेलग्रेडची नव्हती. नेदरलँड्समध्ये ‘हॉबीस्कूप’ या कार्यक्रमाने ती त्याआधीच वापरली होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांना एकच प्रसारण समजावं म्हणून तिथे ‘बेसिकोड’ नावाची एक सामाईक पद्धतही बसवली गेली आणि पुढे बीबीसीने ती उचलली. बेलग्रेडची गोष्ट वेगळी ठरते ती ऐकणाऱ्यांमुळे. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपला संगणक दुकानातून आणलेला नव्हता. घरच्या टेबलावर, हातात सोल्डरिंग गन धरून, स्वतः जोडलेला होता.

त्यामागचं कारण हौशीपेक्षा टंचाई हे होतं. युगोस्लाव्हिया तेव्हा कर्जात बुडालेला होता. परदेशातून काय आणि किती किमतीचं आणायचं यावर कडक बंधनं होती, आणि अगदी स्वस्तातला ब्रिटिश संगणकही त्या मर्यादेत बसत नव्हता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स ८१’ ब्रिटनमध्ये तयार स्वरूपात ६९ पौंड ९५ पेन्सना मिळे आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची तयारी असेल तर ४९ पौंड ९५ पेन्सना. लंडनच्या मुलाला हे वाढदिवसाच्या भेटीइतकं सोपं होतं. बेलग्रेडच्या मुलापुढे दोनच वाटा होत्या, कुणाकडून तरी चोरून आणवायचा किंवा नाद सोडून द्यायचा.

तिसरी वाट काढली वोया आंतोनिच यांनी. १९८३च्या उन्हाळ्यात ते माँटेनेग्रोच्या किनाऱ्यावर, रिसान या गावी सुट्टीला गेले होते. लोक समुद्रावर कादंबरी नेतात, यांनी आरसीए कंपनीच्या चिपांची तांत्रिक पुस्तिका नेली होती. ती वाचता वाचता त्यांच्या डोक्यात आलं, की टीव्हीच्या पडद्यावर चित्र उमटवायला वेगळी, महाग व्हिडिओ चिप कशाला हवी? ते काम प्रोसेसरकडूनच करून घेता येईल.

त्यांची युक्ती थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे. तेव्हाच्या स्वस्त मेमरी चिपांना विसरायची खोड होती. त्यांच्यातली माहिती पाहता पाहता विरून जायची आणि ती सारखी ताजी करत राहावं लागायचं. ‘झेड ८०’ या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय होती. प्रत्येक आज्ञा वाचून झाली की तो क्षणभर मेमरीतला पुढचा पत्ता पुकारायचा, म्हणजे त्या पत्त्यावरची माहिती ताजी व्हायची. आंतोनिच यांनी विसरणारी मेमरी घेतलीच नाही, न विसरणारी घेतली. आता पत्ते पुकारायची ती सोय बिनकामाची झाली. तिलाच त्यांनी पडद्यावरची अक्षरं ओळीने वाचून टीव्हीकडे धाडायच्या कामाला जुंपलं. एक महागडी चिप वाचली. मोबदल्यात प्रोसेसरचा बराचसा वेळ चित्र काढण्यात जायला लागला आणि गणितं सोडवायला उरलासुरला वेळ राहिला. तरीही चाललं. चाललं याचंच तर लोकांना अप्रूप होतं.

संगणक तर जमला, पण तो लोकांपर्यंत न्यायचा कसा? आंतोनिच यांची गाठ पडली देयान रिस्तानोविच या तरुण लेखकाशी. ‘गालाक्सिया’ हे बेलग्रेडचं विज्ञान मासिक तेव्हा घरगुती संगणकांवर एक विशेषांक काढायच्या तयारीत होतं आणि त्याचं लेखन रिस्तानोविच करत होते. अंकात आंतोनिच यांच्या यंत्राचा संपूर्ण आराखडा छापायचा असं ठरलं. अंक १९८३ सरता सरता बाजारात आला आणि यंत्रालाही मासिकाचंच नाव मिळालं, गालाक्सिया. पहिली आवृत्ती ३० हजारांची होती. ती पुरली नाही. पुन्हा पुन्हा छापत आकडा एक लाखावर गेला. सुट्या भागांच्या संचासाठी आठ हजारांहून जास्त लोकांनी पत्रं पाठवली. हजारभर जणांनी जरी संगणक बनवला तरी पुष्कळ झालं, अशा हिशेबात असलेल्या मंडळींची काय धांदल उडाली असेल!

छापील सर्किट बोर्ड आणि कीबोर्ड देशातच तयार होत होते, चिपा ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातून येत होत्या. पार्सल हाती आल्यावर पुढचं काम ज्याचं त्याने करायचं. घरी करणाऱ्यांना सोपं जावं म्हणून बोर्डाच्या एकाच बाजूला तांब्याच्या रेषा ठेवल्या होत्या. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदणार तिथे वरून तारेचा तुकडा टाकायचा. झेड ८० चिपेला दोन्ही बाजूंना वीस वीस पाय असतात आणि शेजारच्या दोन पायांमधलं अंतर असतं अडीच मिलिमीटर. सोल्डरचा एक थेंब तेवढ्यात ओघळला की दोन पाय जुळलेच. मग भिंग घेऊन शोधत बसा. बटण दाबलं आणि टीव्हीवर ‘रेडी’ हा शब्द उमटला, तर पोरगा घर डोक्यावर घेणार. नाही उमटला, तर पुन्हा पहिल्या रेझिस्टरपासून तपासणी. यंत्राला पेटी कशी असावी हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. ज्याने त्याने घरात मिळेल त्या प्लास्टिकची, लाकडाची, पत्र्याची केली.

यंत्राची ऐपत किती, तर मेमरी २ ते ६ किलोबाइट. पडद्यावर एका ओळीत ३२ अक्षरं, अशा १६ ओळी. रंग नाहीत. संगणकाला बेसिक भाषा समजावी म्हणून लागणारा सगळा मजकूर आंतोनिच यांनी ४,०९६ बाइटांत कोंबून बसवला होता. आत्ता चाललेलं हे भाषण टाइप करून त्यात भरायचं म्हटलं तर ते निम्मंसुद्धा मावणार नाही. जागा इतकी तोकडी, की चूक झाल्यावर यंत्राला बोलायला तीनच शब्द दिलेले होते. आज्ञेत चूक असली तर ‘व्हॉट?’, न जमणारं काही सांगितलं तर ‘हाऊ?’, आणि मेमरी संपली की ‘सॉरी’.

स्वतः संगणक जोडायची ही हौस मुळात अमेरिकेतली, आणि तिचीही सुरुवात मासिकातूनच झाली. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी १९७५च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात एड रॉबर्ट्स यांच्या कंपनीने तो बनवला होता आणि सुट्या भागांच्या संचाची किंमत ३९७ डॉलर होती. मासिकाकडे पाठवलेला नमुना वाटेतच गहाळ झाला, त्यामुळे मुखपृष्ठावर जो फोटो आहे तो नुसत्या रिकाम्या डब्याचा. खरा संच घरी आणून जोडला तरी पुढे मौज होतीच. त्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही, मेमरी २५६ बाइट. समोर खटक्यांची एक रांग आणि लुकलुकणारे दिवे. याचं करायचं काय, हा प्रश्न घेऊन कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे ५ मार्च १९७५ला एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. हाच तो होमब्रू कॉम्प्युटर क्लब. स्टीव्ह वॉझनियाक यांनी पुढे आपला पहिला अॅपल इथल्याच मंडळींना दाखवला. तोही ६६६ डॉलर ६६ सेंटना नुसता बोर्ड मिळायचा, कीबोर्ड आणि पेटी घेणाऱ्याने आणायची.

क्लबच्या पुढच्या एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पियर आपला अल्टेअर घेऊन आले. खटके वरखाली करत एकेक आकडा भरत बसले. भरत आणलं, तोच वीज तुटली आणि सगळं पुसलं गेलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी यंत्राजवळ एक साधा ट्रान्झिस्टर ठेवला, आणि ट्रान्झिस्टरमधून बीटल्सच्या ‘फूल ऑन द हिल’ची धून वाजायला लागली. अल्टेअर चालताना त्याच्या तारांमधून रेडिओलहरी निसटत, जवळच्या ट्रान्झिस्टरमध्ये खरखर होई. डॉम्पियर यांनी कोणत्या आज्ञेने कोणता सूर निघतो हे हुडकून त्या खरखरीचंच गाणं केलं होतं. ज्या यंत्राला बोलायला तोंड नव्हतं त्याला रेडिओने तोंड दिलं, ही रेडिओवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट.

आपल्याकडे काय चाललं होतं? आयात शुल्काचा आणि परवान्यांचा जाच आपल्याकडेही होताच, तो १९८४च्या नव्या संगणक धोरणाने थोडा सैल झाला. त्याच सुमारास ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक निवडक शाळांमध्ये पोचले. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रमही परवाना घेऊन भारतात बनू लागला. मासिकातून एका यंत्राची अशी देशव्यापी लाट मात्र इथे आली नाही. आपल्याकडची पिढी संगणक जोडायला शिकली ती नव्वदीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, कॅबिनेट, रॅम अशी खरेदी करून आणून. ‘असेंबल्ड पीसी’ची ती शानही कमी नव्हती. पण ते काम स्क्रू ड्रायव्हरचं. मदरबोर्डवर नेमकं काय चालतं हे जोडणाऱ्याला ठाऊक असायची गरज नसे, ठाऊक होणं शक्यही नव्हतं. गालाक्सिया जोडणाऱ्या मुलाला हवं असेल तर त्या यंत्राचा प्रत्येक धागा समजू शकत होता, कारण तो मासिकाच्या पानांवर छापलेला होता. आज त्या दिवसांची आठवण काढणारे मेमरी किती होती ते कौतुकाने सांगतात. त्यांना खरी रुखरुख बहुधा या दुसऱ्या गोष्टीची असते.

स्वतः आंतोनिच यांना अशी रुखरुख फारशी नसावी. १९९५मध्ये त्यांनी घरातले गालाक्सियाचे पाचही मूळ नमुने, सोबतची कागदपत्रं आणि मासिकं कचऱ्यात टाकून दिली. सगळे नमुने कायमचे गेले, असंच पुढे बरीच वर्षं समजलं जात होतं. नंतर एक गालाक्सिया सापडला, तो आता बेलग्रेडच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. दरम्यान हौशी लोकांनी जुन्या आराखड्यावरून पुन्हा बोर्ड बनवायला घेतले आहेत.

आंतोनिच पुढे अमेरिकेत गेले. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे हार्डवेअरच्या हौशी लोकांचं एक संमेलन भरलं. तिथे येणाऱ्यांच्या गळ्यात अडकवायचा बिल्ला त्यांनी तयार केला होता. बिल्ला म्हणजे चार बिटांचा एक संगणकच, नाव ‘वोया ४’. त्याला प्रोग्रॅम द्यायचा तो बटणं दाबून, शून्य आणि एक असे एकेक करून; आत काय चाललं आहे हे समोरचे दिवे दाखवत राहतात. लोक संमेलनभर खाली मान घालून ती बटणं दाबत बसले होते.