चेंडूविना स्क्वॉश

1983 साली इंग्लंडमध्ये चिचेस्टरला पाकिस्तानचा जहांगीर खान आणि इजिप्तचा गमाल अवाद यांचा स्क्वॉशचा सामना तब्बल 2 तास 46 मिनिटं रंगला. पहिला गेम अवादने घेतला, पुढचे तिन्ही जहांगीरने. तेव्हा तो अवघा 19 वर्षांचा होता!

इतकं टिकायचं, तर नुसती रॅकेट फिरवून भागत नाही. कोर्ट जेमतेम 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद. पण मधल्या 'टी'पासून, म्हणजे कोर्टवरच्या रेषा जिथे मिळतात तिथून, कोपऱ्यात धावा, वाका, फटका मारा, लगेच परत या. म्हणून शिकणाऱ्या मुलांकडून 'घोस्टिंग' करून घेतात. म्हणजे चेंडू नसतानाच खेळायचं. बघणाऱ्याला गंमत वाटते. करणाऱ्याच्या मांड्या भरून येतात.

जोडीला वजनांच्या व्यायामाने मांड्या, पोट, पाठ बळकट झाली की वाकताना तोल सांभाळता येतो, दमल्यावरही फटका भरकटत नाही. वजनं मात्र जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच उचलावीत.