पिशवी देणारा पसार, पोरगं अडकलं

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्त्याची वही न उघडताच झाली. गटातल्या एका ताईंच्या १७ वर्षांच्या मुलाला एसटी स्टँडवर पोलिसांनी धरलं होतं. पिशवीत दोन किलो गांजा निघाला. मोटारसायकलवरच्या एकाने "एवढं पोचव, पाचशे देतो" म्हणून ती दिलेली. टोळ्या असंच करतात, धोक्याचं काम पोरांच्या गळ्यात घालतात.

ताई रात्रभर गप्प. घरचे म्हणाले, बोभाटा नको, मुलीचं लग्न व्हायचंय. आम्हाला सकाळी कळलं, तोवर कागदावर वय १९ लागलं होतं. आधारवर जन्मसालच चुकलेलं! (आधार काढताना आपण किती जणींनी अंदाजाने तारखा सांगितल्या, आठवा बरं.)

आम्ही थेट शाळा गाठली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आधार त्या यादीत नाही. त्या एका दाखल्याने सगळं फिरलं.

वय १८ च्या आत असलं की मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक बाई. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. जामीन द्यायचा हाच नियम. पण बाहेर पडून मूल पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीला लागेल असं वाटलं, तर मंडळ कारण लिहून जामीन नाकारू शकतं. म्हणून ताईंनी मंडळाला सांगितलं, मी त्याला मामाकडे ठेवते. ते कामी आलं.

गांजा २० किलोच्या वर असता आणि मुलगा १६ च्या पुढचा, तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का हे मंडळ तपासतं. त्यात गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला तेही बघतात. कुणी पाठवलं, काय आमिष दाखवलं, काय धमकी दिली, हे वकिलाला सगळं सांगायला हवं. लाजेने झाकलं तर मुलाचा बचावच झाकला जातो.

आणि पाठवणारा? मुलाकरवी अमली पदार्थ वाहून नेले, विकले, तर त्याला याच कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आमच्या पोराने अजून नाव घेतलेलं नाही. घाबरतो. ताई म्हणतात, घेईल. आम्ही त्याच्यावर जोर करत नाही, वकीलबाई बोलतायत त्याच्याशी.

पुढची तारीख सोमवारी आहे. ताईंबरोबर आम्ही दोघी जातोय. येत्या बैठकीला प्रत्येकीने मुलांचे शाळेचे दाखले आणि आधार, दोन्ही आणा, तारखा ताडून बघू. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.