गप्प कुणी बसायचं?

मैत्रिणींनो, रॅप ही कविताच. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांत ती जन्मली. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयानं 'टू लाइव्ह क्रू' या काळ्या गटाची गाणी अश्लील ठरवली. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. किंबर्ले क्रेन्शॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी १९९१ मध्येच बजावलं होतं: खटल्यात वंशभेद आहे, आणि गाण्यांत बाईचा अपमानही आहे.

वस्तीत काम करताना मीही ऐकते, "ताई, मारहाणीचं बाहेर बोलू नका, समाजाची बदनामी होते." दरवेळी बाईनंच का गप्प बसायचं? क्वीन लतीफा गप्प बसली नाही. बायकांना शिव्या घालणाऱ्यांना तिनं १९९३ मध्ये रॅपमधूनच जाब विचारला. आपणही दोन्ही अन्यायांवर एकदमच बोलूया.