घरापासून दूर शिकणारें कातकरी मूल



महोत्सवीं देणगीदारांचा गौरव होतो, तो येथें यथायोग्य झालाच आहे. आम्ही मात्र या व्यासपीठावर सहसा न येणाऱ्या मंडळींविषयीं बोलूं इच्छितों.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस मंडणगड, दापोली, खेड या तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणें हा त्यांचा जुना धंदा. त्यावरूनच हें नांव पडलें. जंगलाचे कायदे कडक झाले आणि तो धंदा बुडाला. आतां पावसाळा सरला कीं कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीस जातात, तीं पुढील पावसाच्या तोंडीं परततात. मुलानें शिकावयाचें तर आश्रमशाळा अथवा वसतिगृह यांवांचून गत्यंतर नाहीं.

शाळा जूनमध्यें उघडते. त्याच दिवसांत रानांत शेवळें वर येतात, ओढ्यांना चढणीचे मासे लागतात. कोणता कंद कडू, कोणता खाण्याजोगा, ही विद्या बापाच्या मागें हिंडूनच येते. मूल तर तेव्हां वर्गांत बसलेलें असतें. पुढें सुटींत तें वाडीवर जाईल, तों घराचें दार बंद! शिक्षण अवश्य हवें. परंतु दहा वर्षें अशीं गेलीं म्हणजे मुलगा आईच्या बोलींत बोलावयास लाजूं लागतो.

बोलीचें मोल आपणांस सांगणें नलगे. आपल्यांपैकीं पुष्कळांचे पूर्वज गोव्याहून आले. त्या गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं 1616 सालीं मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलें. आणि तेथेंच 1684 सालीं विजरईनें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांत कोंकणी सोडावी. ती चुलीपाशीं आणि लग्नाच्या रोसांत टिकली. कॅनडांत आदिवासी मुलांस घरांतून उचलून निवासी शाळांत ठेवीत, त्यांची भाषा दडपीत. त्यांतील पुष्कळ शाळा कॅथलिक संस्थांच्या हातीं होत्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं जुलै 2022 मध्यें तेथें जाऊन क्षमा मागितली. हें आपल्या घरचें दुःख आहे. महोत्सवाच्या दिवशींहि तें झांकूं नये.

आपल्यांपैकीं जे शाळा-वसतिगृहांत काम करितात, त्यांस आमची विनंति मोठी नाहीं. होळी हा कातकऱ्यांचा थोर सण. शिमग्यास मुलांना आईबापांकडे, तीं भट्टीवर असलीं तरी, चार दिवस जाऊं द्यावें. रात्रीं जेवणानंतर मुलें आपल्या बोलींत बोलूं लागलीं तर दटावूं नये. हे लोक उंदीर खातात म्हणून हंसणें आपल्या मुलांनींहि सोडावें. आपण समुद्रांतलें काय काय खातों तें आठवावें! वाडीवरील एखाद्या वृद्ध बाईस आठवड्यांतून एकदां गाणीं व गोष्टी सांगण्यास बोलवावें आणि तिचा बुडालेला रोज भरून द्यावा. तो कोणी द्यावयाचा, असें विचाराल तर महोत्सवाच्या जमाखर्चांत जी शिल्लक राहील, तिच्यांतून आरंभ करितां येईल.